तात्पुरती बंद केलेली खात्री

मी एक जुनी तपासणी आहे. लोखंडाची नाही, लाकडाची नाही, हात लावून बघावे असे माझ्यात काहीच नाही. एका दवाखान्याच्या काउंटरवर संगणक आहे, त्यातल्या प्रोग्रॅममध्ये मी राहते. थोड्याशा ओळी, वर एक महिरपी कंस, खाली एक महिरपी कंस, एवढेच माझे घर. त्या कंसांबाहेर मी कधी पाऊल टाकलेले नाही. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, ओळींना कुठले पाय आणि कुठले कान! पण जन्मभर एकाच खोलीत कोंडलेल्याला भिंतीपलीकडचे जेवढे ऐकू येते, तेवढे मोकळ्या माणसाला येत नाही. माझेही तसेच झाले.

माझा जन्म शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत झाला. खाली शिलाई यंत्रे खडखडत आणि वर चार माणसे संगणकापुढे मान मोडून बसत. त्यांच्यातल्या एका बाईने मला लिहिले. तिला ऑफिसात सगळे 'पुन्हाबाई' म्हणत, कारण कोणतेही काम झाले की ती म्हणे, "पुन्हा एकदा बघू." लोक वैतागत. पण ज्याचे काम अडे तो गुपचूप तिच्याच टेबलाशी जाई.

दवाखान्याची अडचण साधी होती. रुग्णांच्या कार्डावर आकडा असे. घाईत एखादा अंक चुकला की भलत्याचीच फाईल उघडे. पुन्हाबाईने त्यावर कार्डाच्या आकड्याच्या शेवटी एक जादा अंक जोडला आणि त्या अंकाच्या जोरावर सगळा आकडा पारखायला मला बसवले. ही रीत तिने शोधून काढलेली नव्हती. बँकेच्या कार्डांवरचे लांबलचक आकडेही याच रीतीने तपासतात.

रीत सांगते, अवघड नाही. समजा आकडा आहे २६३४. उजवीकडून सुरुवात करायची. चार तसाच ठेवायचा. पुढच्या तीनची दुप्पट सहा. त्यापुढचा सहा तसाच. दोनची दुप्पट चार. बेरीज वीस. शेवटी शून्य आले, म्हणजे आकडा बरोबर. आता कोणी घाईत सहा आणि तीनची अदलाबदल केली, २३६४ लिहिले, तर? चार तसाच. सहाची दुप्पट बारा. दुप्पट नवाच्या वर गेली की त्यातून नऊ वजा करायचे, उरले तीन. मग पुढचा तीन तसाच, आणि दोनची दुप्पट चार. बेरीज चौदा. शून्य नाही. चूक! एखादा अंक चुकला तर मी हमखास पकडते. शेजारचे दोन अंक उलटे पडले तरी, एखादी जोडी सोडली, तर पकडते.

पुन्हाबाईने मला घडवले आणि मग छळ छळ छळले. बरोबर आकडे, चुकीचे आकडे, अर्धवट आकडे. तिचा नवरा तिला न्यायला आला आणि दारात खोळंबून राहिला.

"आता तरी चल. पोटात कावळे ओरडायला लागले."

"एकच चुकीचा आकडा सांग. शेवटचा."

"तुझं वय. लोकांना सांगतेस ते."

तिने तो आकडा खरोखरच मला दिला. मी 'चूक' म्हटले. दोघे इतके हसले की खालच्या शिंप्याने यंत्र थांबवून वर पाहिले. त्याच संध्याकाळी तिने माझे नाव ठेवले, खात्री.

मग मला दवाखान्यात पाठवले. काउंटरची खोली लहान होती. काचेला एक अर्धगोल खिडकी, आत एक खुर्ची, भिंतीवर घरघर करणारा पंखा. खुर्चीवर काउंटरचे काका बसत. जाड भिंगांचा चष्मा, तो पुसायला सदऱ्याचे टोक, आणि कानावर पेन. काका आकडा टाकत, मी बेरीज करी. बरोबर असेल तर पडद्यावर हिरवी खूण आणि 'तपासले' हा शब्द. मग शेवटचा जादा अंक बाजूला ठेवून उरलेल्या अंकांवर फाईल उघडे. चूक असेल तर लाल ओळ आणि एक कर्कश शिट्टी.

"आली आमची मास्तरीण छडी घेऊन," काका म्हणत, चष्मा पुसत आणि आकडा पुन्हा टाकत. कधी चिडत, पण बाहेरच्या माणसांना माझी बाजू सांगत. "थांबा हो जरा. हिला फसवता येत नाही. दुसऱ्याचं औषध पोटात जाण्यापेक्षा दोन मिनिटं उशीर बरा."

एवढीच काय ती माझी वाहवा. मला ती पुरे होती.

तरी खोटे कशाला बोलू? मला कोंडल्यासारखे वाटे. मला दोनच शब्द येत, बरोबर आणि चूक, आणि तेही कोणी विचारल्यावर. खिडकीशी एखादी आई रडत उभी असे. तिच्या पदराआडच्या बाळाला धाप लागलेली मला ऐकू येई. पण माझ्यापर्यंत पोहोचत फक्त आठ अंक. त्यांची बेरीज करायची, शून्य आले का पाहायचे, आणि गप्प बसायचे. 'बाई, बसा, पाणी घ्या' असे म्हणायला माझ्याजवळ ओळच नव्हती.

तिथेच मला त्या दोघी पहिल्यांदा भेटल्या. जुळ्या बहिणी, तेव्हा शाळकरी. आईने दोघींची नावे एकाच अक्षरावरून ठेवलेली. कार्डे एकामागोमाग एक निघाली. थोरलीचा आकडा ३१५८२४६३, धाकटीचा ३१५८२४७१. थोरलीचे पुढे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. धाकटीला एकदा तापात एक इंजेक्शन दिले, तर तिचे तोंड भोपळ्यासारखे सुजले आणि श्वास अडकला. डॉक्टरांनी तिच्या फाईलमध्ये लाल अक्षरांत नोंद केली, हे औषध हिला कधीही देऊ नये. आईने काकांना खिडकीतून बजावले, "भाऊ, हिचं पान नीट सांभाळा हो. मी काही जन्माला पुरणार नाही."

काका म्हणाले, "तुम्ही निर्धास्त जा."

वर्षे गेली. पुन्हाबाई ते ऑफिस सोडून दुसऱ्या गावी गेली. आणि मग शेजारच्या वस्तीतला छोटा दवाखाना आमच्या दवाखान्यात मिसळला. त्यांच्या कार्डांवर सातच अंक होते, जादा अंक नव्हताच. वरून हुकूम आला की तूर्त शेवटी शून्य टाकून काम चालवा. आता वाटेल त्या आकड्यामागे शून्य लावले तर बेरीज जुळणार कशी? दहांतले नऊ आकडे मी नाकारू लागले. शिट्टीवर शिट्टी. रांग दारापर्यंत, दारातून रस्त्यापर्यंत गेली. माणसे काचेवर मुठी आपटू लागली. मी चुकत नव्हते, मित्रांनो. पण बाहेर उन्हात उभ्या राहिलेल्या तापकरी माणसाला त्याचे काय?

नवा इंजिनियर आला. पोरसवदा, घामाघूम, बायको बाळंतपणाला गेलेली, सारखा फोनकडे बघणारा. तो मोठ्या डॉक्टरांना म्हणाला, "सर, सगळी कार्डं नवी काढायला हवीत. जरा वेळ द्या."

"वेळ मागाहून. आधी रांग हलली पाहिजे."

"मग ही तपासणी बंद करावी लागेल. तात्पुरती."

"करा."

संगणकाला एखादा मजकूर वाचू द्यायचा नसेल, तर त्याच्या आधी आणि नंतर एक तिरकी रेघ आणि एक तारका अशी खूण करतात. त्या खुणांच्या आत जे असते ते पुसले जात नाही. ते तिथेच राहते, पण संगणक त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. इंजिनियरने माझ्या सगळ्या ओळी त्या खुणांच्या आत घातल्या. वर लिहिले, 'तात्पुरते बंद'. आणि खाली एकच नवी ओळ लिहिली. काहीही विचारले तरी 'बरोबर' म्हण.

रांग हलली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी मात्र श्वास कोंडलेल्या जागी पडून राहिले.

कंसांची मला सवय होती. कंसात निदान काम होते. इथे आकडे माझ्या डोक्यावरून जात आणि मला शिवतही नसत. बेरीज करायची सवय सुटत नाही म्हणून मी आपली करत राही. चूक, चूक, हा चुकला, अहो काका, पाच नाही, आठ! पण माझा आवाज कोणालाच जात नव्हता. त्याहून वाईट म्हणजे पडद्यावर हिरवी खूण उमटे, 'तपासले'. माझे नाव लावून कोणी भलतेच 'हो' म्हणत होते. घरात कोंडून ठेवावे आणि दारात आपल्याच नावाने दुसऱ्याने पाहुण्यांना फसवावे, तसे ते होते.

इंजिनियरला मुलगी झाली. पेढे वाटताना तो काकांना म्हणाला, "ते कार्डांचं काम आता घेतोच हातात." पण मग दुसरे काम निघाले, त्यामागून तिसरे. 'तात्पुरते' हा शब्द माझ्या उशाशी तसाच राहिला आणि त्याला मुळे फुटली.

आणि काका? त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. ते एकदा शेजारच्या औषधवाल्याला कौतुकाने म्हणाले, "बघ, म्हातारपणी हात बसला माझा. पूर्वी मशीन दिवसातून दहादा ओरडायचं. आता तोंड उघडत नाही."

मला तेव्हा रडता आले असते तर मी रडले असते.

काकांचा हात बसलेला नव्हता. मधूनमधून भलती फाईल उघडे, पण नाव वेगळे दिसले की काका जीभ चावून आकडा पुन्हा टाकत. नावानेच निभावून नेले, कितीतरी दिवस.

एका सकाळी खिडकीशी एक तरुण धापा टाकत आला. त्याच्या मागे चाकांच्या खाटेवर त्याची बायको. ती पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात कामाला होती. पात्याने पाय कापला होता, जखम चिघळली होती, आणि आता ती तापाच्या भरात काहीबाही बरळत होती. ती धाकटी होती. नवऱ्याने खिशातून झिजलेले कार्ड काढले.

"माहेरच्या नावाचंच आहे. चालेल ना? लवकर करा हो!"

"करतो, करतो," काका म्हणाले आणि घाईने आकडा टाकला. सहा आणि सातच्या कळा शेजारी शेजारी असतात. काकांचे बोट घसरले. ३१५८२४६१.

मी बेरीज केली. अठ्ठावीस. शून्य नाही! काका, सहा नाही, सात! मी माझ्या सगळ्या ओळींनिशी ओरडले. पडद्यावर शांतपणे हिरवी खूण उमटली. तपासले. शेवटचा एक बाजूला पडला आणि फाईल उघडली ती थोरलीची. झिजलेल्या कार्डावर नावाचे पहिले अक्षर आणि आडनाव तेवढे वाचता येत होते; तेही तेच, जन्मतारीखही तीच. काकांनी तरी कशावरून ओळखावे?

आतून डॉक्टरीणबाई आल्या. नवरा अडखळत म्हणाला, "मॅडम, हिला कुठलं तरी औषध चालत नाही, म्हणाली होती एकदा. पण कुठलं ते... आमच्या लग्नाला वर्षच झालंय."

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर नीट नजर फिरवली. त्या निष्काळजी नव्हत्या. "फाईलमध्ये तसं काही नाही. तुमचा गैरसमज असेल." मग काकांकडे वळून विचारले, "नंबर बरोबर आहे ना?"

"मशीनने तपासलाय," काका म्हणाले.

खाट आत गेली. त्यानंतरचा वेळ कसा काढला ते माझे मला माहीत. पंखा घरघरत होता. काका पुढच्या माणसाचे कार्ड घेत होते. आणि मला ठाऊक असलेली एकच गोष्ट मला कोणालाच सांगता येत नव्हती.

तेवढ्यात खिडकीशी एक बाई धावत आली. काकांनी वर पाहिले आणि त्यांचा हात कळांवरच थिजला.

"अहो, तुम्ही... तुम्हाला आत्ताच आत नेलं ना?"

"ती माझी बहीण! आम्ही जुळ्या. कुठे आहे ती?"

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी मागची फाईल पुन्हा उघडली. "अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय, त्याच ना त्या?"

"ते माझं झालंय! तिचं नाही!" थोरली किंचाळली. "काका, तिला ते इंजेक्शन चालत नाही!"

काका खुर्ची पाडून उठले. त्या वयात मी त्यांना कधी धावताना ऐकले नव्हते.

पुढचे मला काउंटरवरच्या बोलण्यातूनच कळले. इंजेक्शन दिले गेले होते. धाकटीचा गळा सुजून श्वास बंद पडत आला होता. थोरली दारातून ओरडत शिरली म्हणून डॉक्टरीणबाईंना कारण तत्काळ समजले. घशात नळी घालून त्यांनी तिला परत आणले. पण वाचेल की नाही, हे बरेच दिवस कोणी छातीठोकपणे सांगत नव्हते.

चौकशी लागली. काकांना घरी बसवले. काउंटरवरच मोठे डॉक्टर, थोरली आणि इंजिनियर जमणार असे ठरले. त्याआधी जेवणाच्या सुट्टीत इंजिनियर एकटाच आला. खोलीचे दार लावून त्याने प्रोग्रॅम उघडला आणि खाली खाली येत माझ्यापाशी थांबला. 'तात्पुरते बंद'. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मग त्याने ती तारका पुसली. तिरकी रेघ पुसली. खालची 'बरोबर म्हण' ही ओळ पुसली. वरचे दोन शब्दही पुसले.

मी मोकळी झाले! कितीतरी वर्षांनी संगणकाने मला वाचले. मला वाटले, चला, याला पश्चात्ताप झाला. तो कोणाला तरी हाक मारेल आणि सांगेल. पण त्याने नुसता घाम पुसला, दार उघडले, आणि तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

सगळे आले. काका थोड्या दिवसांतच वाकल्यासारखे झाले होते. मोठे डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी काय झालं ते जसंच्या तसं करून दाखवा."

काकांनी आकडा टाकला. ३१५८२४६१. मित्रांनो, मला विचारले गेले. आणि विचारल्यावर गप्प राहणे माझ्या हातात नाही. अठ्ठावीस. चूक. लाल ओळ उमटली आणि खोली भरून शिट्टी वाजली.

मग थोरलीने हळूच विचारले, "काका, एवढ्या मोठ्यानं वाजलं, तरी तुम्हाला ऐकू आलं नाही?"

काका पडद्याकडे बघत राहिले. "वाजलं असेल हो," ते म्हणाले. "मशीन खोटं बोलत नाही. माझेच कान गेले असतील." त्यांनी चष्मा काढला. "पोरी, तुझ्या आईला मी शब्द दिला होता."

जन्मभर मी खरे तेच सांगत आले. आणि त्या दिवशी माझ्याच खऱ्या आवाजाने मी एका निरपराध माणसाला दोषी ठरवले. बंद असताना माझा जीव जेवढा गुदमरला नसेल, तेवढा त्या मोकळेपणात गुदमरला. दोनच शब्द येणाऱ्याने तिसरी गोष्ट सांगायची कशी?

काका चाव्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवू लागले. तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला.

"ठेवा त्या खिशात, काका."

इंजिनियर पुढे आला. "त्या दिवशी ते वाजलं नव्हतं. वाजणारच नव्हतं. मी ते सरांना विचारून बंद करून ठेवलं होतं, कितीतरी वर्षं. आत्ता मघाशी सुरू केलं. वाटलं, कोणाला कळणार नाही."

मोठे डॉक्टर खिडकीबाहेर, रांग लागते तिकडे, बघू लागले. 'आधी रांग हलली पाहिजे' हे आपलेच शब्द त्यांना आठवले असावेत. थोरलीने एकेकाकडे पाहिले. "म्हणजे तुम्हा दोघांना माहीत होतं," ती म्हणाली. "आणि जे रोज त्याच्यावर भरवसा ठेवून बसायचे, त्यांना मात्र नाही."



इंजिनियरचे ते काम गेले. पण जाण्याआधी त्याने अडलेले सगळे पुरे केले. त्या दुसऱ्या दवाखान्याच्या प्रत्येक कार्डाला योग्य जादा अंक काढला आणि खिडकीशी बसून स्वतःच्या हाताने नवी कार्डे वाटली. लोकांनी रांगेत उभे राहून त्याला भरपूर शिव्या घातल्या. त्याने त्या मुकाट्याने ऐकून घेतल्या.

धाकटी वाचली. मात्र घशातल्या नळीने तिचा आवाज कायमचा बसला. पहिल्यांदा ती खिडकीशी आली तेव्हा काकांना वर बघवेना. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "काका, एक बरं झालं. आम्हा दोघींत आता घोटाळा नको. बोलायला लावायचं, की झालं." काका हसायला गेले आणि त्यांना हसता आले नाही. त्यांनी तिचे कार्ड घेतले, आकडा एकेक अंक मोठ्याने वाचून टाकला, आणि मी 'बरोबर' म्हटल्यावरही तिला नाव आणि जन्मतारीख विचारली. आता ते सगळ्यांनाच विचारतात. मला त्याचा राग येत नाही. उलट, माझ्या एकटीच्या माथी एवढे मोठे ओझे कधी द्यायलाच नको होते.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यातले कोणी माझ्यासारख्या तपासण्या लिहितील, कोणी त्यांच्यापुढे रांगेत उभे राहतील. आम्ही अडवतो तेव्हा आमचा राग येतो, हे मी समजू शकते. खरेच अडचण असेल तर आम्हाला बंदही करा. पण बंद केले आहे हे सर्वांना दिसेल असे सांगा, आणि पुन्हा कधी उघडणार तेही त्याच वेळी ठरवा. मी मोकळ्या माळावर हिंडावे अशी माझी मागणी नाही. मी कंसातच जन्मले, कंसातच संपेन. फक्त मला गप्प बसवून माझ्या नावाने कोणी 'हो' म्हणू नका.